आपण कोठे आहोत? : स्थाननिश्चितीच्या तंत्राचा विषम इतिहास

शहरातल्या एखाद्या चौकात उभे राहून मोबाइल फोनवर नकाशा उघडला, की एक निळा ठिपका दिसतो. त्याच्याभोवती रस्त्यांची नावे, दुकाने, बसथांबे, दवाखाने दाटीवाटीने मांडलेले असतात. तोच फोन घेऊन आपण डोंगराळ तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर किंवा पाड्यावर गेलो, तर ठिपका तेवढाच निळा असतो, पण भोवती बहुधा कोरी जागा असते. फार तर दूरच्या डांबरी रस्त्याची एक रेघ. वाडीला नाव नाही, विहीर नाही, शाळा नाही.

असे का व्हावे? डोक्यावरचे उपग्रह तर दोन्ही ठिकाणी तेच आहेत. 'खेड्यात रेंज नसते' हे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही, कारण उपग्रहांकडून येणारा संदेश पकडायला मोबाइलचा मनोरा लागत नाही. खरे उत्तर या तंत्राच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आरंभीच एक भेद स्पष्ट करायला हवा. 'आपण कोठे आहोत?' या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, या जागेचे अक्षांश-रेखांश किती? दुसरा, त्या अक्षांश-रेखांशावर काय आहे? पहिल्याचे उत्तर उपग्रह आणि ग्राहकयंत्र मिळून देतात. दुसऱ्याचे उत्तर आधी कोणीतरी तेथे जाऊन, किंवा वरून घेतलेले छायाचित्र पाहून, नकाशात नोंदवून ठेवलेले असावे लागते. दोन्ही उत्तरे जगात सर्वत्र सारखी चांगली कधीच नव्हती.

कक्षा कोणाच्या डोक्यावर?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह स्पुट्निक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचे संदेश ऐकत होते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा आणि दूर जाणाऱ्या शिटीचा उतरता वाटतो. हाच डॉप्लर परिणाम त्यांना उपग्रहाच्या संदेशात दिसला आणि त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. लगेच उलटा प्रश्न पुढे आला. कक्षा आधीच ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? येईल, असे उत्तर मिळाले आणि त्यातून 'ट्रान्झिट' ही पहिली उपग्रह-स्थाननिश्चिती यंत्रणा तयार झाली. अमेरिकी नौदलाला आपल्या पोलॅरिस पाणबुड्यांसाठी ती हवी होती. १९६४ मध्ये ती वापरात आली.

ट्रान्झिटचे उपग्रह मोजकेच होते आणि ते ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांत फिरत. वर्गातला पृथ्वीगोल हातात घेऊन रेखावृत्ते पाहिली, तर पुढची गोष्ट विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येईल. रेखावृत्ते ध्रुवाशी एकवटतात आणि विषुववृत्तावर सर्वांत दूर पांगतात. ध्रुवीय कक्षांचेही तसेच असते. त्यामुळे उत्तरेकडील समुद्रात पुढचा उपग्रह लवकर डोक्यावर येई, तर विषुववृत्ताजवळच्या जहाजाला त्याची अधिक काळ वाट पाहावी लागे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ज्यांच्यासाठी यंत्रणा बांधली, त्यांच्या गरजेला ती अनुरूप होती इतकेच. पण तिचा लाभ अक्षांशाप्रमाणे बदलत होता.

१९७३ मध्ये अमेरिकेने नव्या यंत्रणेचा निर्णय घेतला. तीच आजची जी.पी.एस. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. प्रारंभीच्या थोड्या उपग्रहांच्या कक्षा अशा बेताने आखल्या होत्या, की ॲरिझोना राज्यातील यूमा येथील लष्करी चाचणीक्षेत्रावर रोज काही तास पुरेसे उपग्रह एकत्र दिसावेत. पुढे २४ उपग्रहांचा संच पूर्ण झाला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले. आता पृथ्वीवर कोठूनही किमान चार उपग्रह दिसू लागले. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी काढायच्या, म्हणून चार उपग्रह लागतात. घड्याळाची अचूकता किती हवी? प्रकाश एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो. यावरून अंदाज यावा.

तरीही थोडी विषमता राहिलीच. जी.पी.एस.च्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, म्हणून ध्रुवावरून पाहिले तर एकही उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपेक्षा वर चढत नाही. रशियाचा मोठा भूभाग उत्तरेकडे आहे. त्यामुळे १९८२ पासून सोडलेल्या 'ग्लोनास' उपग्रहांच्या कक्षांचा कोन ६४.८ अंश ठेवण्यात आला. उंच इमारतींच्या आणि डोंगरांच्या दरीत उपग्रह थेट डोक्यावर असावा, म्हणून जपानने २०१० पासून वेगळ्याच कक्षांत उपग्रह सोडले. भारतानेही २००६ मध्ये स्वतःच्या प्रादेशिक यंत्रणेला मंजुरी दिली आणि २०१३ ते २०१६ या काळात तिचे सात उपग्रह कक्षेत गेले. हीच 'नाविक' होय. पहिल्या उपग्रहांतील अनेक आयात अणुघड्याळे निकामी झाल्याने ती पुढे अडखळली. २०२३ मध्ये सोडलेल्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहात भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. ज्याला परवडले, त्याने कक्षा आपल्या डोक्यावर आणली. ज्या देशांना हे परवडण्यासारखे नाही, त्यांनी काय करावे हा प्रश्न उरतोच.

वरच्या हवेतली अडचण

उपग्रहाचा संदेश सुमारे २०,२०० किलोमीटर प्रवास करून येतो. वाटेत त्याला आयनांबर ओलांडावे लागते. तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे संदेशाला किंचित उशीर होतो आणि ग्राहकयंत्राला उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी चूक मोठी.

हे इलेक्ट्रॉन सर्वत्र सारखे नसतात. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर विद्युतक्षेत्रामुळे आयनांबर वर उचलले जाते आणि तेथून चुंबकीय बलरेषांच्या वाटेने दोन्ही बाजूंना खाली उतरते. कारंज्याचे पाणी मधून उसळून दोन्ही बाजूंना पडावे तसे हे घडते. परिणामी चुंबकीय विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन तुलनेने कमी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १५-२० अंशांवर सर्वाधिक, असे चित्र दिसते. ॲपलटन यांनी १९४६ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले आणि कोलकात्याचे शिशिरकुमार मित्रा यांनी त्याच वर्षी तिचा संबंध चुंबकीय बलरेषांशी जोडला. १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्यासाठी केरळातील थुंबा निवडले गेले, त्याचेही कारण चुंबकीय विषुववृत्ताचे सान्निध्य हेच होते. विसंगतीचे उत्तरेकडील शिखर साधारणपणे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर असते. महाराष्ट्र त्याच्या दक्षिण उतारावर येतो.

याचा जी.पी.एस.शी संबंध असा. साध्या ग्राहकयंत्रांसाठी उपग्रहच आठ गुणक पाठवतात आणि त्यांवरून क्लोबुचर यांनी तयार केलेल्या सूत्राने आयनांबराचा अंदाज बांधला जातो. या सूत्राने सरासरीने निम्मी चूक निघते. मध्य अक्षांशांत मूळ चूकच दुपारी काही मीटर असते, तेव्हा निम्मी उरली तरी चालते. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सौरडाग भरात असतील त्या वर्षी मूळ चूक पंधरा मीटरांच्या वर जाऊ शकते. शिवाय सूर्यास्तानंतर तेथील आयनांबरात 'बुडबुडे' उठतात, संदेश लुकलुकतो आणि कधी तुटतोही.

विमानांना एवढी अनिश्चितता चालत नाही. त्यासाठी जमिनीवर केंद्रे उभारून चूक मोजायची आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत सर्वांना पाठवायची, अशी पद्धत निघाली. अमेरिकेची 'वॉस' ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. तिने आयनांबर म्हणजे एकच पातळ कवच असे गृहीत धरले होते. मध्य अक्षांशांत ते पुरेसे ठरते, आपल्याकडे ठरत नाही. म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या 'गगन' यंत्रणेसाठी अनेक थरांचे वेगळे प्रारूप तयार करावे लागले. गगनला २०१३ आणि २०१५ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्रे मिळाली. म्हणजे अमेरिकेतील सेवेनंतर दहा-बारा वर्षांनी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचा बराच भागही याच अवघड आकाशाखाली येतो. पण तेथे विमानांसाठी अशी सेवा उभी राहण्यास आणखी विलंब होत गेला.

कागदावरची पृथ्वी

आता आपण आकाशातून जमिनीवर येऊ. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला. तेथून निघालेले महात्रिकोणमितीय सर्वेक्षण जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्यातून पृथ्वीच्या आकाराचे जे गणित निघाले, ते १८३० चे 'एव्हरेस्ट गोलाभ' म्हणून ओळखले जाते. भारताच्या भूपृष्ठाशी ते छान जुळे, पण त्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळत नव्हता. दोहोंत सुमारे ८०० मीटरांचे अंतर आहे. जी.पी.एस. मात्र वस्तुमानकेंद्र धरून ठरवलेले १९८४ चे जागतिक गोलाभ वापरते. म्हणून जी.पी.एस.ने दिलेले आकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावर तसेच मांडले, तर महाराष्ट्रात बिंदू शंभर मीटरांच्या वर सरकतो. यात नकाशा चुकीचा नसतो आणि जी.पी.एस.ही चुकीचे नसते. दोघांची पृथ्वी वेगळी असते.

ही दुरुस्ती गणिताने करता येते. अधिक मोठा अडथळा नकाशा मिळण्याचा होता. संरक्षणाच्या कारणास्तव सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे तपशीलवार नकाशे अनेक दशके सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. कोकणातल्या शिक्षकाला आपल्याच तालुक्याचा सर्वेक्षण नकाशा वर्गात टांगणे अवघड होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन नकाशामाला केल्या. जनतेची मालिका जागतिक गोलाभावर आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय व्यक्ती आणि संस्थांवरील बहुतेक बंधने उठली.

याच काळात अमेरिकेत काय घडत होते? तेथील जनगणना विभागाने १९९० च्या जनगणनेसाठी देशभरातील रस्त्यांची संगणकीय नोंद तयार केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. रस्ते दाखवणाऱ्या कंपन्यांना, संशोधकांना आणि हौशी लोकांना आयता पाया मिळाला. भारतासह अनेक देशांत तो पाया नव्हता. ज्या शहरांत गिऱ्हाईक होते, तेथे कंपन्यांनी स्वतःच्या गाड्या फिरवून नकाशे केले. वाडीपर्यंत गाडी जात नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हते.

जे मोजायचे, तेच नकाशावर

हा प्रकार नवा नाही. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून महसुली मोजणीची नवी पद्धत रुजवली. तिचा हेतू सारा ठरवणे हा होता. म्हणून शेताचा प्रत्येक तुकडा मोजला गेला, त्याला क्रमांक मिळाला. पण गावठाणात, म्हणजे जेथे माणसे राहत तेथे, सारा नव्हता. ते नकाशावर एक मोकळे वेटोळे म्हणून राहिले. असंख्य गावठाणांतील घरांची मोजणी त्यानंतर पावणेदोनशे वर्षे झालीच नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनच्या साहाय्याने ती हाती घेण्यात आली. वाडी आणि पाडा यांची स्थिती याहून अवघड आहे. सरकारी यादीत महसुली गाव हे एकक असते, वाडीची स्वतंत्र नोंद जनगणनेच्या ग्रामसूचीत नसते. फोनवरील नकाशा पुष्कळदा अशाच याद्यांवर उभा असतो.

इतर देशांतही हेच दिसते. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा ही दाट वस्ती २००९ पर्यंत नकाशांवर जवळपास कोरी होती. त्या वर्षी तेथील तरुणांनी जी.पी.एस. यंत्रे घेऊन पाण्याच्या जागा, शाळा, दवाखाने, वाटा स्वतः नोंदवल्या. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा मदतपथकांना पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा उपयोगी नकाशा मिळेना. उपग्रहचित्रे उपलब्ध होताच जगभरच्या स्वयंसेवकांनी 'ओपन स्ट्रीट मॅप' या खुल्या नकाशात थोड्याच दिवसांत शहराचे रस्ते काढले. मात्र हे काम आपत्तीनंतर झाले, हेही लक्षात घ्यावे.

याच खुल्या नकाशाचा जगभरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. १,८४८ शहरांत ८० टक्क्यांहून अधिक इमारती नोंदलेल्या आढळल्या. त्यांत जगाची १६ टक्के नागरी लोकसंख्या राहते. उलट ९,१६३ शहरांत २० टक्क्यांपेक्षाही कमी इमारती नोंदलेल्या होत्या आणि तेथे ४८ टक्के नागरी लोकसंख्या राहते. ही शहरांची कथा आहे. खेडी या हिशेबात नाहीत.

दहा मीटरांची किंमत

काही मीटरांची चूक किंवा नकाशावरील एखादे नाव, यांचे एवढे काय, असे वाटू शकेल. एक उदाहरण घेऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी शेतकरी कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करू शकतात आणि अशा जमिनींच्या मोजणीसाठी अनेक ठिकाणी हातातली जी.पी.एस. यंत्रे वापरली गेली. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. जमीन चौरस असेल, तर तिची बाजू सुमारे ६४ मीटर. दाट झाडीत साध्या यंत्राची चूक पाच-दहा मीटर सहज होते. समजा, चारही बाजू पाच-पाच मीटर आत धरल्या गेल्या. उरलेली बाजू ५४ मीटर आणि क्षेत्र २,९१६ चौरस मीटर. म्हणजे एकराचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कागदावरून गेला. दरवेळी असेच होईल असे नाही, कधी चुका परस्परांना खोडतात. पण शंभर एकरांच्या मालकाला पाच मीटर म्हणजे काहीच नाही आणि एका एकराच्या मालकाला ते पीक आहे.

दुसरे उदाहरण रुग्णवाहिकेचे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. दूरध्वनी घेणारा माणूस जिल्ह्यापासून दूर बसलेला असतो. शहरात इमारतीचे नाव पुरते. वाडीवरून बोलणारा सांगतो, 'पुलाच्या पुढे, वडाच्या डाव्या अंगाला.' हा पत्ता अगदी बरोबर असतो. पण पडद्यावर तो पूलही नसतो आणि वडही. मग बाळंतिणीला झोळीतून डांबरी रस्त्यावर आणून गाडीची वाट पाहावी लागते.

शाळेत काय करता येईल?

कक्षा आणि आयनांबर यांचे प्रश्न मोठ्या संस्थांनी सोडवायचे आहेत. आता काही फोन दोन वारंवारतांचे संदेश पकडतात. दोन वारंवारतांना होणाऱ्या वेगवेगळ्या विलंबावरून आयनांबराची चूक थेट मोजता येते. म्हणजे ती अडचण हळूहळू फोनच्या किमतीची होत आहे. नकाशातील कोरी जागा भरण्याचे काम मात्र तेथे राहणाऱ्यांवाचून होणार नाही, कारण उपग्रहचित्रात छप्पर दिसते, पण वाडीचे नाव दिसत नाही.

इयत्ता आठवीपासून पुढच्या मुलांना घेऊन एक प्रकल्प करता येईल. शाळेच्या मैदानातील एकाच खुणेचे अक्षांश-रेखांश आठवडाभर सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तानंतर नोंदवावेत, आलेखकागदावर मांडावेत आणि बिंदू किती पसरतात ते पाहावे. एक सेकंद अक्षांश म्हणजे सुमारे ३१ मीटर, हे ध्यानात ठेवले की पसारा मीटरांत काढता येतो. नंतर तेच झाडाखाली करावे. दुसऱ्या टप्प्यात मुलांनी आपापल्या वाडीतील वाटा, विहिरी, बारमाही झरे, पावसाळ्यात तुटणारे ओढे आणि गाडी कोठवर येते ती जागा नोंदवावी. नावे वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ती जशी बोलली जातात तशीच लिहावीत.

एक पथ्य पाळावे. नकाशावर येणे नेहमीच हिताचे असते असे नाही. सारा ठरवणाऱ्यांनीही नकाशेच केले होते. देवराईतील दुर्मीळ वनस्पती, एखाद्याचे घर, पाण्याची राखीव जागा यांपैकी काय जगाला दाखवायचे आणि काय शाळेच्या वहीत ठेवायचे, हे ग्रामसभेला विचारून ठरवावे. आजवर नकाशा कोणासाठी हे दुसऱ्यांनी ठरवले. आता तो प्रश्न वाडीपुढे ठेवायला हरकत नाही. खुल्या नकाशात जे घालायचे ठरेल ते शिक्षकांच्या देखरेखीखाली घालावे आणि त्याची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी.